आभारासकट कादंबरी

परतवाड्याच्या संध्याताईंचं प्रकाशन चिमुकलं, पण त्यांची ई-पुस्तकं भराभर खपायची. युक्ती साधी होती. जो पुस्तक घेईल त्याचं नाव शेवटच्या आभाराच्या पानावर चढायचं. छपाईचा प्रश्नच नाही. नवं गिऱ्हाईक आलं की नाव टाकायचं आणि पुस्तक सगळ्यांना पुन्हा पाठवायचं. लग्नपत्रिका हातात पडली की आधी आपलं नाव शोधणाऱ्या मुलखाला आणखी काय हवं?

अकोल्याच्या उत्तमरावांचं प्रकाशन मोठं, पण त्यांच्या ई-पुस्तकांना कुत्रं विचारत नव्हतं. त्यांनी संध्याताईंना बोलावून रामराव सरांची नवी कादंबरी हाती दिली आणि सांगून टाकलं, ही पार पाडा, मग आमची सगळी पुस्तकं तुमची. संध्याताई परतल्या त्या स्वतःच्या ऑफिसची स्वप्नं बघतच.

कादंबरी धडाक्यात गेली. पण परतवाड्यात चाळीस-पन्नास नावं असायची, इथे हजारावर गेली आणि फोन सुरू झाले. आमी पोराकडचे, मंग इवायाचं नाव आमच्या वर काहून? थोरला असताना धाकट्याचं आधी कसं? एका काकांनी तर पुतण्याच्या लग्नाला येणार नाही असं बजावलं. उत्तमरावांचं डोकं फिरलं.

"ताई, हे तुमचं परतवाड्यात चालते. आमाले नाई झेपत. उद्या या अन् मोकळं करा आमाले."

एसटीत बसल्या बसल्या संध्याताईंनी फाईल उघडली. आत कादंबरीच नव्हती. पहिल्या गिऱ्हाइकापासून लोकांना नुसते आभारच जात होते, आणि एवढ्या फोनांत एकानेही तसं म्हटलं नव्हतं.

उत्तमरावांच्या ऑफिसात रामराव सर येऊन बसलेलेच. आता सगळं संपलं, असं म्हणत संध्याताईंनी हात जोडले.

"सर, चुकलं मायं."

"चुकलंच तं," सर म्हणाले. "माया जवायाचं नाव नाई ना त्याच्यात. घरात कोनी बोलून नाई राहिलं माह्याशी."

संध्याताईंनी तिथेच बसून जावयाचं नाव सगळ्यांच्या वर टाकलं, गुपचूप कादंबरीही जागेवर बसवली, नवी फाईल सर्वांना पाठवली आणि परतीची गाडी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तमरावांचा फोन आला.

"ताई, नावाची भांडणं मांगं पडली. आता साऱ्यायची एकच तक्रार हाय. नावाच्या आधी हे दोनशे पानं काय घुसवले म्हणते. तेवढे काढून टाका, अन् आमची बाकीची पुस्तकं घेऊन जा."