ऑर्विन ट्वेट यांनी एका पुकाऱ्यास होकार दिला त्याची हकीकत

श्रीहरिचरणी मस्तक ठेवून, आणि जे जन देवाचे नाव कोणत्याही भाषेत का होईना, पण सुरात घेतात, त्या सर्वांस दंडवत करून ही हकीकत लिहिली जाते ऐसी जे :

उत्तरेकडील मिनेसोटा मुलखावर बर्फाचा अंमल बसला म्हणजे तेथील वृद्ध मंडळी घरगाड्यांत बसून दक्षिणेस कूच करितात, आणि गाडीतच शिजवून, गाडीतच निजून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात निवडुंगांमध्ये हिवाळाभर छावणी करितात. त्या छावणीत राजमान्य राजश्री ऑर्विन ट्वेट, चर्चमधील गायकमेळ्यात खर्जाचे खंबीर खांब, भार्या लव्हॉनबाईंसह मुक्काम करून होते. तेथून सरहद्द हाकेच्या अंतरावर, पलीकडे मेक्सिकोचा मुलूख, आणि त्या मुलखात समुद्र. बाईंनी उभ्या जन्मात समुद्रात पाय बुडविला नव्हता.

मग टेक्सास प्रांताच्या डॉट प्रुइटबाई, छावणीच्या सरलष्कर, यांनी डंका पिटविला की उदईक प्रातःकाळी घरगाड्यांचा ताफा समुद्राकडे रवाना होईल, आणि ताफ्यात एकाच गाडीपुरती जागा शिल्लक आहे. तेव्हा ट्वेट दांपत्य आपल्या गाडीत खलबतास बसले.

"एकटेच जाऊ की," ऑर्विन सरदार म्हणाले. "उगाच लोकांना आपल्यामुळे खोळंबा नको."

"एकटे? तू रस्ता विचारशील कुणाला?"

सरदारांनी एकटे जाण्याचा बेत सोडिला. कारण रस्ता विचारणे म्हणजे परक्यास तोशीस देणे, ऐसे त्यांचे मत, आणि त्या मतापायी मागे पाव आणावयास निघालेली स्वारी भलत्याच तालुक्यात पोहोचून रिकाम्या हाती परतली होती.

"ताफ्याबरोबरच जायचं," बाईंनी फर्माविले. "आणि ऐकून ठेव. तू नाही आलास तर मी शेजारच्या बर्निसच्या गाडीत बसून जाईन. समुद्र बघायला मी आता थांबणार नाही."

सरदारांस मसलत मनापासून पटली. खरे तर बाईंची पावले पाण्यात पडतील तेव्हा शेजारी आपलीही असावीत, हा मनसुबा त्यांनीही पोटात कैक वर्षे बाळगिला होता. तो बोलून दाखविण्याची मिनेसोटा मुलखात चाल नाही.

सायंकाळी पंगत बसली. प्रत्येकाने आपापले भांडे आणिले, लव्हॉनबाईंनी लिंबाच्या वड्यांचे ताट आणिले, आणि डॉटबाईंनी भर पंगतीत पुकारिले, "ऑर्विन, येताय का आमच्याबरोबर?"

आता मिनेसोटाचा रिवाज ऐसा की पहिल्या आग्रहास नको म्हणावे, दुसऱ्यास नकोच म्हणावे, आणि तिसऱ्यास सुस्कारा टाकून, तुम्ही म्हणताच आहात तर, ऐसे पुटपुटून मनाजोगते घ्यावे. तदनुसार सरदार अदबीने वदले, "अहो नको, उगाच तुम्हाला त्रास."

"बरं. नाही तर नाही," डॉटबाई म्हणाल्या, आणि बटाट्यांकडे वळल्या.

कारण टेक्सासात एकदाच विचारितात.

लव्हॉनबाईंचा चमचा हवेत राहिला. मग त्या उठल्या, गाडीतून उशी काढिली आणि बर्निसच्या गाडीकडे चालू लागल्या. सरदार दुसऱ्या पुकाऱ्याच्या आशेने डॉटबाईंच्या समोरून एकदा मीठ मागत, एकदा मीठ परत करीत, एकदा हवेची तारीफ करीत गेले. पुकारा आला नाही.

पंगत उठली. ताटात शेवटची वडी उरली, कारण मिनेसोटा मुलखात शेवटची वडी कोणी उचलीत नाही. अर्धी कापितात, मग अर्ध्याची अर्धी, आणि कणमात्र उरले तरी तेही पुढच्यासाठी ठेवितात. सरदार ते ताट घेऊन उभे, तोच डॉटबाई आल्या.

"घ्या ना," सरदार सवयीने म्हणाले.

डॉटबाईंनी अख्खी वडी उचलून एका घासात मुखी टाकिली.

सरदार थक्क. "तुम्ही नको म्हणाला नाहीत!"

"हवी होती, घेतली. त्यात काय?"

कीर्तनात बुवांचे एक वाक्य काळजात रुतावे आणि श्रोत्याने टाळी विसरावी, तैसे झाले. सरदार कापऱ्या खर्जात बोलिले, "मला परत विचारा."

"काय?"

"तेच. मघाचं."

"येताय का?"

सरदारांच्या ओठांवर वाडवडिलांचा नकार सज्ज होऊन उभा ठाकला. पलीकडे बर्निसच्या पायरीवर लव्हॉनबाई उशी कवटाळून पाहत होत्या.

"हो," सरदार म्हणाले.

"सगळ्यात मागे राहावं लागेल. धूळ खाल."

"अहो न..." एवढे निघाले, ते गिळून सरदार म्हणाले, "खाईन."

उशी परत आली. उदईक चंदावलीस, म्हणजे ताफ्याच्या शेपटास, राहून, बिनीपासून पिछाडीपर्यंत सर्वांची धूळ भक्षण करीत सरदारांनी सरहद्द ओलांडिली, नाक्यावरचा दिवा हिरवा लागून झडती टळली, आणि दुपारी समुद्र आला.

बाई गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "ऑर्विन, येतोस..."

वाक्य पुरे होण्याआधीच सरदार पाण्यात होते.

मोहीम फत्ते झाली. चामडी बूट एक जोड, लोकरी मोजे एक जोड, सरदारांच्या पायी असतानाच कामी आले. येणेप्रमाणे घडले तैसे लिहिले. हरि बोला.