टेंपररी या शब्दाचा उंबरमाळ येथील वापर

परक्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण त्याचा वापर मात्र सरकारी कचेरीतच शिकावा लागतो. तालुक्याच्या एका कचेरीत (नाव सांगत नाही, सेवानियमांत बसत नाही) सव्वीस वर्षे कारकुनी करून मी हे लिहीत आहे, तेव्हा याला अनुभवाचा आधार आहे असे समजावे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी 'टेंपररी' हा एकच शब्द घेतला आहे. कोशात त्याचा अर्थ 'तात्पुरता' असा दिला आहे. कोश करणाऱ्या विद्वानांना कधी तालुक्याला यावे लागले नसावे. (हा शब्द चिनी लोकांना कसा शिकवतात याची चौकशी करणार होतो, पण बासष्ट सालापासून त्यांचा आमचा पत्रव्यवहार नाही.)

आता उदाहरण. हिर्डोशीला एस.टी. जाते, म्हणजे तिच्या मनात असेल तेव्हा जाते. तिथून दोन तास चढ चढला की उंबरमाळ ही वाडी लागते. बेचाळीस घरे, नाचणी, थोडे भात आणि एक शाळा. या शाळेला आम्ही सुरुवातीला पाच कायम शिक्षक दिले, एकापाठोपाठ एक. पहिल्यांना चढ मानवला नाही. दुसऱ्यांच्या आईची तब्येत बिघडली. तिसऱ्यांच्याही आईची बिघडली. चौथे रुजू झाले त्याच दिवशी रजेवर गेले आणि रजेतूनच त्यांची सासवडला बदली झाली. पाचवे हिर्डोशीपर्यंत आले होते, असे एस.टी.च्या कंडक्टरने सांगितले. कायम शिक्षकाला बदली मागण्याचा हक्क असतो आणि आमच्याकडे कुणाच्या हक्काची पायमल्ली होत नाही. पाचही जणांचे सरासरी वास्तव्य एकोणीस दिवस भरले. पाचव्यांचे शून्य धरले नसते तर आकडा आणखी चांगला दिसला असता.

मग पासष्ट सालच्या जूनमध्ये सारोळ्याच्या जगन मास्तरांना सहा महिन्यांसाठी टेंपररी म्हणून पाठवले. टेंपररी माणसाची बदली होत नाही. बदली होण्यासाठी माणूस आधी कुठेतरी असावा लागतो, आणि टेंपररी माणूस कागदोपत्री कुठेच नसतो. दर सहा महिन्यांनी मास्तरांची नोकरी संपे, मध्ये एक दिवसाचा खंड पडे आणि तिसऱ्या दिवशी ते नव्याने नेमले जात. खंडाच्या दिवशीही ते शाळा भरवत. हे नियमबाह्य होते, तरी आम्ही मोठ्या मनाने तिकडे दुर्लक्ष केले. चौऱ्याहत्तर सालापर्यंत त्यांच्या एकोणीस टेंपररी नेमणुका झाल्या आणि वाडीतली तेवीस मुले चौथी पास झाली.

पावसाळ्यात ओढा भरला की मास्तर दोर बांधून मुले अलीकडे आणत. वाडीला आलेली पत्रे तेच वाचत, वाडीचे अर्ज तेच लिहीत. सगुणाबाई नावाच्या साठीच्या बाई आहेत, त्या वाडीत कुठल्याच पदावर नाहीत आणि म्हणून सगळे त्यांचेच ऐकतात. त्यासुद्धा मास्तरांकडून सही करायला शिकल्या.

मास्तरांचे लग्न सहासष्ट सालीच ठरले होते. मुलगी फुला, नसरापूरची. साखरपुडा झाला आणि मुलीचे वडील गेनबा यांनी एकच अट घातली.

"पावनं, कायम झाल्याबिगर पोरगी धाडणार न्हाई. उद्या सरकारनं घरी बसवलं तर?"

त्यांचे काहीच चुकले नाही. साखरपुडा आठ वर्षे टिकला. इतकी वर्षे तर आमच्या तालुक्यातले कायम पूलही टिकलेले नाहीत.

चौऱ्याहत्तर साली नवे परिपत्रक आले. आठ वर्षे टेंपररी काढलेल्या शिक्षकाने अर्ज केल्यास त्याला कायम करावे आणि पहिली कायम नेमणूक दुसऱ्या गावी द्यावी. मास्तरांनी अर्ज लिहिला. ही बातमी वाडीला कळली आणि सगळी वाडी शाळेत येऊन बसली, ज्यांना मुले नव्हती तेसुद्धा.

"मास्तर, कायम झाला म्हंजी तुमी जाणार?" सगुणाबाईंनी विचारले.

"नियमच आहे तसा, काकी."

"मंग टेंपरवारीच ऱ्हावा की. कायम मास्तर आमी पाच बगितलं. येकाचं त्वांड आटवत न्हाई."

"काकी, फुला सत्तावीस वर्षांची झाली."

सगुणाबाई म्हणाल्या, "तिला हितंच आना. लगीन वाडी लावंल."

"तिचे वडील नाही म्हणतात."

"त्यांचंबी खरं हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "पर आमच्या पोरांचंबी खरं हाय. आमी हरकत घेनार."

हरकत घ्यायची तर अर्ज हवा. अर्ज लिहायला वाडीत मोठ्या माणसांपैकी एकच जण होता. सगुणाबाईंनी मजकूर सांगितला आणि जगन मास्तरांनी स्वतःविरुद्धचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. खाली एकसष्ट सह्या झाल्या, अंगठा एकही नाही. मग हिर्डोशीपर्यंत चालत येऊन, एस.टी. धरून, दोन्ही अर्ज त्यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवले. दोन्हींवर एकच सुंदर अक्षर होते. एकात लिहिले होते, 'मला कायम करावे, ही विनंती.' दुसऱ्यात होते, 'आमच्या मास्तरांना कायम करू नये. ते फार चांगले आहेत.'

"यातला कुठला खरा समजू?" मी विचारले.

"दोन्ही, साहेब," मास्तर म्हणाले आणि पोचपावती मागून घेतली. दोन्हींची.

मला वाईट वाटले. अगदी आतून वाटले. परंतु टिपणीत त्यासाठी रकाना नसल्याने तशी नोंद झाली नाही.

आमचे सर्जेराव साहेब न्यायी आहेत. त्यांनी दोन्ही अर्ज मान्य केले. मास्तरांना कायम करण्यात येत आहे, मात्र उंबरमाळला दुसरा शिक्षक हजर होईल त्या दिवसापासून, असा आदेश निघाला. वाडीने नारळ फोडला. गेनबांनीही ऐकून समाधान व्यक्त केले आणि येत्या माघापर्यंत थांबतो, नंतर पोरीचे दुसरीकडे बघतो, असे सांगितले. दुसरा शिक्षक म्हणून आतापर्यंत तिघांना आदेश गेले. तिघांचेही डॉक्टरी दाखले आले आहेत. मास्तरांची विसावी टेंपररी नेमणूक परवाच टाइप केली.

यादीत चौथे नाव माझ्या धाकट्या मुलाचे होते. तो यंदाच ट्रेनिंग संपवून आला. मी त्याला भोरच्या जवळपास कुठेतरी बसवून घेतले. त्याला पायी चालायची सवय नाही. बापाचे काळीज हेही एक कारण असते, हे कोणीही मान्य करील.

इथवर वाचून मास्तरांना न्याय मिळालाच पाहिजे, असे आपल्याला वाटले असेल. मलाही वाटते. त्यासाठी उंबरमाळला जाईल असे एक शिकलेले माणूस हवे आहे. आपला मुलगा, सून, भाऊ, जावई, कुणीही चालेल. नाव कळवले की त्याच दिवशी आदेश टाइप करतो, माघाला अजून पाच आठवडे आहेत. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच सुशिक्षित लोकांना सांगितली. सगळे हळहळले. नाव एकानेही दिले नाही. तेव्हा आपलीही हळहळ मी मास्तरांच्या फाइलीला लावून ठेवतो. फाईल आता चांगलीच जाड झाली आहे.