थोरल्या बक्षिसाची फळी

साहित्याचं थोरलं बक्षीस यंदा मलाच मिळणार, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. म्हणून बक्षीस ठेवायची फळी मी आधीच भिंतीवर ठोकून टाकली. सुतार माणूस मी. बाकीचे लेखक बक्षीस हातात आल्यावर जागा शोधत फिरतात आणि शेवटी ते फ्रीजवर ठेवतात.

"आणि नाही मिळालं तर?" बायकोनं खालून शिडी धरून विचारलं.

"न मिळायला काय झालं?"

"तुम्ही विनोदी लिहिता."

खिळे-बिजागऱ्या विकणारा दुकानदारही परवा हेच म्हणाला. "मिस्त्री, हसवणाऱ्याला टाळ्या मिळतात. थोरलं बक्षीस रडवणाऱ्याचं." मी म्हटलं, "रडवायला काय अक्कल लागते? कांदासुद्धा रडवतो. एखादा कांदा हसवून दाखव."

केस पिकल्यावर सूनबाईनं मला अक्षरं शिकवली. तोवर जन्मभर मी लोकांची पुस्तकांची कपाटं केली होती, आणि पुस्तक म्हणजे फळीला बाक आणणारं ओझं, एवढंच मला ठाऊक होतं. वाचता यायला लागल्यावर कळलं, बरीचशी पुस्तकं तशीच असतात. मग मीच एक लिहिलं: 'दारातून न निघालेलं कपाट'. खोलीतच उभं केलेलं कपाट खोलीच्या दारातून बाहेर निघेना, तेव्हा गिऱ्हाइकाची भिंत कशी पाडली, त्याची खरी हकिकत. लिहिताना मी इतका हसलो की सूनबाई दोनदा पाणी घेऊन आली.

आता फळी करायची तर माप हवं. माझं नशीब असं, की गेल्या वर्षी बक्षीस मिळवलेल्या कविराजांकडूनच निरोप आला. त्यांच्या पुस्तकांचा शेल्फ डुगडुगत होता. गेलो, तर त्याच शेल्फवर बक्षीस उभं! लाकडी बाई, उंचावलेल्या हातात लेखणी, चेहरा पोट दुखत असल्यासारखा.

आमच्या धंद्यात काम करताना खिळे तोंडात धरतात, हात मोकळे राहतात. मी मूठभर खिळे तोंडात टाकले, आधाराची एक पट्टी कापली आणि मग हळूच फूटपट्टी काढून त्या बाईचं माप घेऊ लागलो. तेवढ्यात कविराज आत आले.

"तुम्हीच ना ते कपाटवाले लेखक? फोटो पाहिलाय मी."

मी मान हलवली.

"हे सगळं तुम्ही स्वतः सोसलंत?"

तोंडात खिळे. मी म्हटलं, "म्ह्म्म."

"आणि तरी तक्रार नाही?"

"म्ह्म्म."

डोळ्यांत भुसा गेला होता, त्यामुळे पाणी वाहत होतं. कविराजांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःचे डोळे पुसले. मला वाटलं, भुसा त्यांच्याही डोळ्यांत गेला. माप मिळालं, मी तरंगतच घरी आलो. बायकोला सांगायला तोंड उघडलं, तेव्हा कळलं की खिळे अजून तोंडातच आहेत.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. गेल्या वर्षीचा विजेता यंदाच्या निवड समितीत बसतो, असा तिथला रिवाज.

समारंभाला आम्ही तिघं पहिल्या रांगेत बसलो. कविराज मंचावर उभे राहिले, माझं नाव पुकारलं आणि मानपत्र वाचू लागले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे असं पाहिलं, की फळी दिसली पाहिजे.

"माणूस स्वतःच बांधलेल्या तुरुंगात कसा कोंडला जातो," कविराज वाचत होते, "याची ही काळीज चिरणारी शोकांतिका. मी या मूक माणसाचे अश्रू पाहिलेत."

मी उभा राहिलो. "साहेब, हे पुस्तक विनोदी आहे."

"बाबा," सूनबाई माझा सदरा ओढत कुजबुजली, "बक्षीस घ्या आणि खाली बसा."

"केवढी ही नम्रता," कविराज म्हणाले. सभागृहानं उसासा सोडला.

सूनबाईचं ऐकलं असतं तर ती लाकडी बाई त्याच दिवशी घरी आली असती. पण रडका म्हणून बक्षीस घ्यायचं, तर मग विनोदी लिहिलं कशाला? मी मंचावर चढलो आणि भिंत पाडायचं प्रकरण वाचून दाखवलं. घण माझ्या हातातून निसटून गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात गेला आणि आतून त्याचे सासरे साबणासकट बाहेर आले, तिथे तर दगडही हसतो. सभागृहात रुमाल निघाले. पुढची एक बाई म्हणाली, "अरेरे, बिचारे सासरे."

मग मात्र माझं डोकं सटकलं.

"ऐका," मी म्हटलं. "ते अश्रू भुशाचे होते! मी मूक नव्हतो, माझ्या तोंडात खिळे होते. यांच्या घरी मी सोसायला नाही, या बाईचं माप घ्यायला गेलो होतो. घरी फळी लावून बसलोय मी! हसवणं हे सुतारकाम आहे. सांधा केसभर चुकला तर माणूस हसत नाही. रडणाऱ्याचं काय, तो कुठेही टेकून रडतो. हसवणाऱ्यालाही थोरलं बक्षीस पाहिजे, आणि हसवलं म्हणूनच पाहिजे."

हे मी इतकं गंभीरपणे बोललो, की आवाज कापत होता. आणि पहिल्या रांगेत फिस्स झालं. आमची बायको! तिच्यामागे सूनबाई, मग ती रुमालवाली बाई, मग सगळं सभागृह. लोक खुर्च्यांवरून घसरू लागले. हसले नाहीत ते एकटे कविराज.

समितीनं पडद्यामागे जाऊन खलबत केलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, की लेखक विनोदी असल्याचं सिद्ध झालं आहे, सबब थोरलं बक्षीस यंदा कुणालाच नाही. लेखकाला उत्तेजनार्थ एक बिल्ला.

"झालं मनासारखं?" घरी येताना बायकोनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "सिद्ध झालो." पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.

बिल्ला फळीवर ठेवला. फुटबॉलच्या मैदानावर बटण पडल्यासारखा दिसत होता.

आठवड्यानं कविराजांचा फोन आला. आवाज थंड होता. "मिस्त्री, शेल्फ कोसळला. तुम्ही एकही खिळा मारला नव्हता."

"बक्षीस?"

"लेखणीचा हात खांद्यातून निखळलाय."

गेलो. शेल्फ या वेळी नीट ठोकून दिला. लाकडी बाईला मात्र दुरुस्तीसाठी घरी आणावं लागलं. हात सरसानं चिकटवला आणि तिला फळीवर उभी केली. काय सांगू, माप केसभर चुकलेलं नाही.

कविराज अधूनमधून फोन करतात. "वाळला का सरस?"

"हवा दमट आहे, साहेब," मी सांगतो. "थोरल्या बक्षिसाचं काम आहे. घाई करून कसं चालेल?"