कुणाला वगळलंस?

शालनअक्का प्रकाशन समारंभाला येऊन पहिल्या रांगेत बसल्या की व्यासपीठावरचा लेखक पाणी मागतो. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पाहुण्यांची भाषणं होतात, शाल-नारळ होतात, आभार मानायला कुणीतरी उठतं आणि त्याच वेळी अक्काही उठतात. हातात माईक घेत नाहीत. मुलींच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवल्यामुळे त्यांना त्याची गरज नसते.

"एकच विचारते," त्या म्हणतात. "पुस्तक छान झालंय. कुणाला वगळलंस?"

अक्कांच्या शिवाजी पेठेतल्या घरात मागच्या खोलीत मी शिकण्यासाठी राहते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. पुस्तकं लिहिणारी माणसं आपल्यासारखीच चहा पितात आणि घाबरतात, हे मला अक्कांमुळे कळलं. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. पण लिहावंसं वाटतं.

अक्का फक्त आपल्या कोल्हापूरच्या विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्यांची पुस्तकं घेतात, आणि तीही खरी. "कथा-कादंबरी मला नको," त्या सांगतात. "त्यात माणसं मनानं आणता येतात. खऱ्या पुस्तकात ती आणायला जावं लागतं." ही पुस्तकं त्यांच्या लोखंडी कपाटात लेखकाच्या तालुक्याप्रमाणे लावलेली असतात. शिरोळचा कप्पा वजनानं वाकला आहे. गगनबावड्याचा कप्पा रिकामा आहे. तिथे अक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सुईदोऱ्याचा डबा असतो. मी नेमकी गगनबावड्याची. गोळी घेताना रोज त्या माझ्याकडे बघतात. "तुझ्या तालुक्याचं पुस्तक आलं की गोळ्या हलवीन मी," असं म्हणतात आणि पाण्याचा घोट घेतात. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

त्यांच्या प्रश्नाला कुणी रागावत नाही. कोल्हापुरात त्याला उत्तरं मिळतात. एका मुलानं तालमींवर पुस्तक लिहिलं होतं. तो म्हणाला, "कुणालाच वगळलं नाही अक्का. पैलवान घेतले, वस्ताद घेतले, हौद्यातली मातीसुद्धा घेतली."

"आणि त्यांच्या आया? पहाटे उठून बदाम कोण वाटत होतं?"

मागून एक म्हातारे वस्ताद म्हणाले, "अक्का, आता आया पण घेतल्या तर पुस्तक उचलायला पैलवानच लागंल."

पेठापेठांतल्या फुटबॉलच्या चुरशीवर लिहिणाऱ्यानं तर आधीच कबूल करून टाकलं. "रेफ्रीला वगळलंय, अक्का."

"का रे?"

"मला अजून गावात राहायचंय."

घरीही तेच. मी कॉलेजातून आले की विचारतात, आज काय झालं. मी सांगते. सगळं ऐकून घेतात आणि भाजी निवडता निवडता म्हणतात, "कुणाला वगळलंस?" मग मला आठवतं, की शेवटच्या बाकावर एक मुलगी डबा न खाता बसली होती. मी ते सांगितलेलं नसतं, कारण मी तिच्याजवळ गेलेली नसते. अक्का पुढची जुडी सोडतात. मला मात्र दुसऱ्या दिवशी जावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात वैशालीताईंचं पुस्तक आलं. त्या एका कॉलेजात शिकवतात. आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर बायकांवर त्यांनी काही वर्षं घालवून हे पुस्तक लिहिलं. त्यात खुद्द अक्का होत्या, फोटोसकट. शाहूपुरीतल्या सभागृहात कार्यक्रम होता. वैशालीताईंना अक्कांची सवय ठाऊक होती. अक्का उठल्याबरोबर त्याच हसून म्हणाल्या, "अक्का, यावेळी तुम्हीच सांगा. कुणाला वगळलं?"

लोक हसले. अक्का हसल्या नाहीत. "इंदूला," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

इंदू कोण, ते मला घरी आल्यावर कळलं. वसतिगृहात अक्का आणि इंदू एकाच खोलीत राहायच्या. इंदू गारगोटीची. वर्गात पहिली इंदू आणि तिच्या वह्या बघून पास होणाऱ्या अक्का. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर इंदूचे वडील जीप घेऊन आले. लग्न ठरलं होतं. इंदू परीक्षेला बसलीच नाही. अक्कांनी मुलाखतीत वैशालीताईंना स्वतःपेक्षा इंदूबद्दलच जास्त सांगितलं होतं. पण पुस्तक पदवीधरांचं. विद्यापीठाच्या यादीत जिचं नाव नाही, ती पुस्तकात येत नव्हती.

"म्हणजे जिच्यामुळं मी पास झाले, ती न्हाय आणि मी हाय," अक्का म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत.

आठवड्यानं वैशालीताई स्वतः घरी आल्या. दुसरी आवृत्ती निघणार होती. "मी शेवटी एक प्रकरण जोडते, अक्का. पण इंदूबाईंची परवानगी पाहिजे. त्यांनी स्वतः हो म्हणायला पाहिजे."

"म्हणंल की," अक्का म्हणाल्या. "का न्हाय म्हणंल?"

शनिवारी आम्ही तिघी एस. टी.नं गारगोटीला निघालो. अक्कांनी कडक इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर पुस्तक धरलं होतं. मी विचारलं, "किती वर्षांनी भेटताय, अक्का?" त्या खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिल्या.

इंदूबाईंची बाजारपेठेत पिठाची गिरणी आहे. मुलगा बाहेरची कामं बघतो, गिरणीवर त्या स्वतः असतात. भुवयांपर्यंत पीठ, पदर खोचलेला, आवाज गिरणीच्या वर. आम्हाला बघून त्या ओरडल्या, "पावणं, दळण हितं ठेवा, नंबर लागंल तसं घेते."

"माझं दळण न्हाय," अक्का म्हणाल्या.

"मग?"

"इंदे, मी शालन."

इंदूबाईंनी बटण बंद केलं. पट्टा थांबेपर्यंत त्या नुसत्या बघत होत्या. मग पुढे येऊन त्यांनी पिठाच्या हातानं अक्कांची हनुवटी धरली. "म्हातारी झालीस की गं," म्हणाल्या.

आतून चहा आला. वैशालीताईंनी सगळं समजावून सांगितलं. इंदूबाई बशीत चहा ओतून ऐकत होत्या. "मी पास न्हाय आणि नापास बी न्हाय," त्या म्हणाल्या. "मला कुठल्या पानावर बसवणार तुमी?"

"ते बघतील त्या," अक्का म्हणाल्या. "तू फक्त सांग. दुसऱ्या वर्षी निबंधात सगळ्या विद्यापीठात पहिली आलीवतीस, ते सांग. सरांनी तुझा पेपर वर्गात वाचून दाखवला हुता, ते सांग."

"आलीवते व्हय? मला न्हाय बाई आठवत."

"असं कसं आठवत न्हाय?"

"खानावळीतली पातळ आमटी आठवती. आणि तू आईच्या आठवणीनं रडायचीस. मी तुझी वेणी घालायची, मग झोपायचीस."

"मी रडत नव्हते."

"रडत हुतीस की. वेणी घट्ट घातली म्हणून रडते, असं बाकीच्या पोरींना सांगायचीस."

अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि मीही मान खाली घातली. वैशालीताईंनी हळूच विचारलं, "मग लिहू का, इंदूबाई?"

इंदूबाईंनी बशी खाली ठेवली. "नगं. कॉलेज का सोडलं म्हणून लोक वाचणार, आणि माझ्या बाला नावं ठेवणार. तो गेला आता. त्यानं जे केलं ते केलं. माझं त्याच्यासंगं भांडण झालं आणि मिटलं बी. परत पुस्तकात नगं."

यावर वैशालीताईंनी मान हलवली. अक्कांना ते मान्य नव्हतं, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. त्या पुस्तकाच्या कव्हरवर पडलेलं पीठ बोटानं पुसत राहिल्या. पुसताना ते आणखी पसरत होतं.

"मग उगंच आले मी," शेवटी त्या म्हणाल्या.

"उगंच?" इंदूबाई म्हणाल्या. "पुस्तक न्हवतं तवर तुला रस्ता म्हाईत न्हवता व्हय? कोल्हापूरची गाडी तासाला हाय."

अक्कांनी पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "मला वाटायचं, मला बघून तू रडशील."

"मी? मला येळ हुता व्हय रडायला. चार पोरं, सासू आणि ही गिरणी. तू येशील म्हणून पयल्या दिवाळीला लाडू मात्र ठेवलंवतं. नंतर नंतर न्हाय ठेवलं."

हे त्या तक्रारीनं म्हणाल्या नाहीत. दळणाचा हिशेब सांगावा तसं म्हणाल्या. दारात दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. "इंदूकाकी, लावताय न्हवं?" त्यांनी विचारलं. इंदूबाई उठल्या.

परतीच्या गाडीची वेळ झाली होती. मी अक्कांची पिशवी उचलली. अक्कांनी ती माझ्या हातातून घेतली, भिंतीशी ठेवली आणि तिच्यावर पुस्तक ठेवलं. "तुम्ही जावा," म्हणाल्या. "मी उद्या येते."

"परवा म्हण," इंदूबाई आतून म्हणाल्या.

"परवा," अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, "अक्का, तुमच्या गोळ्या?"

"हितं औषधाचं दुकान न्हाय व्हय?" दोघी एकदमच म्हणाल्या.

गिरणी सुरू झाली. आम्ही पायरी उतरताना मी मागे वळून पाहिलं. इस्त्रीच्या साडीचा पदर खोचून अक्का पिठाच्या धारेखाली डबा धरून उभ्या होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. त्या आवाजात ऐकू येणं शक्य नव्हतं. इंदूबाईंनी ज्वारी ओतता ओतता आपला कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.