गुंडूकाकांचा हब

आमच्या शेजारचे गुंडूकाका माणसाच्या आधी त्याच्या चाकाला भेटत. अंगणात कुणी स्कूटरवरून आलं की ‘या, बसा’ राहिलं बाजूला, काका उकिडवे बसून पुढचं चाक दोन्ही हातांनी धरत, गदागदा हलवत आणि वर बघून निकाल देत, “ढिला आसा.” एकदा तर नवरदेवाची सजवलेली मोटार त्यांनी अशीच अडवली. “बेअरिंग गेला. नवरो पोचतलो, पण बोंब मारीत,” म्हणाले. वरमाय वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून काका विजयदुर्गाजवळच्या आमच्या गावी परतले. कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. आल्या आल्या ते मांगरात, म्हणजे परसातल्या जुन्या गोठ्यात, गाडी बांधायला बसले. जुन्या जीपचं इंजिन, पाइपांचा सांगाडा, जाडजूड चाकं. ही गाडी रस्त्यासाठी नव्हतीच. तिला सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार, ओलांडायचा होता. वर नुसता उघडा कातळ, मधेमधे खड्डे, पावसाळ्यात चिखल. सड्यापलीकडच्या वाडीत शालूकाकींचं माहेर, आणि तिथे जायला फक्त पायवाट. पडून खुबा मोडल्यापासून काकी काठी टेकत घरातल्या घरात फिरत. तिकडे त्यांची नव्वदीची आई शेजाऱ्यांच्या आधाराने एकटीच राहत होती.

गावातले चौघे तरणे म्हणाले होते, “खुर्चीत बसवून नेतांव काकीक.”

काका भडकले. “माझी बायल काय मेलेली आसा, चौघांनी उचलूक? मी नेतंय तिका. गाडयेतून.”

गाडी झाली, पण अडली ती हबवर. बैलगाडीला तुंबा असतो तसा मोटारीच्या चाकाला हब. चाक त्यालाच आवळलेलं असतं. जीपचे जुने हब होते, पण काकांना त्यांचा भरवसा वाटेना. कातळावर आदळून ते फुटतील, बेअरिंगात चिखल शिरेल. “हब मोडलो तर चाक वेगळा, मानूस वेगळा. आणि मानूस कोण? शालू!” मग कागदावर हब, फरशीवर खडूने हब, एकदा तर ताटातल्या तांदळाच्या भाकरीला त्यांनी बोटाने बोल्टांची भोकं पाडली. “पाच बरे की सहा, गो?”

“आदी खावा,” काकी म्हणाल्या. “मगे मोजा.”

मी नोकरीसाठी रोज कणकवलीला जाई, त्यामुळे हब तिथल्या लेथवर कातायला पोचवायचं काम माझ्याकडे. मांडीवर ते धूड घेऊन एसटीत बसलो की कंडक्टर विचारायचा, “खंयच्या किल्ल्यावरसून तोफगोळो आणलास?” परत आणलेला हब काका नखाने चाचपत. “बरो आसा.” मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच पुढचं वाक्य येई, “पण ह्येच्यापेक्षा बरो होतलो.”

“काका, असोच चलवून बघूया मा,” मी एकदा म्हटलं.

“मी बसतंय,” काकी आतून म्हणाल्या. “मोडलो तर मोडलो.”

“‘तर’ म्हणान गाडी चलवूची नसता,” काका म्हणाले.

असे दोन पावसाळे गेले. सड्यावरून उतरणाऱ्या बायका निरोप आणत, “आये इचारता, शालू कदी येतली?” काका मांगरातून ओरडत, “सांगा, हब येवक होयो!” म्हातारीला वाटलं, हब म्हणजे कोणी पाहुणा असेल. तिने उलटा निरोप धाडला, “त्येकाव घेवन येवा, जेवूक.”

आम्ही खूप हसलो होतो तेव्हा.

मग श्रावणात एका सकाळी काकींची आई गेल्याचा निरोप आला. काका गाडीपाशी जाऊन उभे राहिले. एक चाक उतरवलेलं होतं आणि त्याचा नवा हब कणकवलीला. ते बाहेर पडले आणि त्या चौघांच्या दारांशी गेले. “काकीक न्हेवा रे,” एवढंच म्हणाले.

खुर्चीला बांबू बांधले. सड्यावर पाऊस आडवा लागत होता. काका छत्री काकींच्या डोक्यावर धरून खुर्चीच्या बाजूने चालत होते, स्वतः चिंब भिजत. काकी वाटेत एकदाच बोलल्या, “तुमी तुमच्यार घेवा ती.”

दिवसकार्य उरकल्यावर काकांनी जीपचे जुनेच हब चढवले. एका दुपारचं काम. गाडी सडा चढली, कातळावर आदळली, चिखलातून निघाली. काही मोडलं नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं.

त्यानंतर काकी सोमवारी सोमवारी माहेरी जात, बंद घर उघडून झाडलोट करत, देवाला दिवा लावत. मी एकदा सोबत गेलो. काका अंगणात गाडीतच बसून राहिले.

“तुमी आत येनात नाय?” मी विचारलं.

“म्हातारी बोलावी होती तेव्हा येवक नाय,” ते म्हणाले. “आता कोणाक तोंड दाखवू?”

काकी काठी टेकत उंबऱ्याशी आल्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. “अवो,” त्या म्हणाल्या, “आये कोणाक भायर बसवन ठेवी नाय. पाय धुवा नि आत येवा.”

काका उतरले. पडवीतल्या घागरीतून त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं. काकींनी काठी भिंतीला टेकवली, तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एका हाताने खांब धरून त्यांच्या पायांवर हळूहळू पाणी ओतलं.