आकाशपाळणा आणि सक्त मनाई

हरिहरपंत शेवड्यांना आकाशपाळण्यात उलटी झाली ती उद्घाटनाच्याच दिवशी, आणि तीसुद्धा पाळणा अगदी टोकाला पोचलेला असताना. खाली बागायतदार संघाचे निमंत्रित पाहुणे माना वर करून टाळ्या वाजवत होते. टाळ्या एकदम थांबल्या. पुढच्या रांगेतल्या तिघा पाहुण्यांना भाषणाआधी घरी जाऊन सदरे बदलून यावे लागले.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. संघाला पंचवीस वर्षे झाली म्हणून रत्नागिरीबाहेर सड्याच्या मोकळ्या माळावर आठवडाभराचे प्रदर्शन भरवले होते. एका बाजूला आंब्याची कलमे, काजू, कोकम आणि फवारणीचे पंप; दुसऱ्या बाजूला मिरजेहून आलेल्या दादूचा आकाशपाळणा आणि बारा लाकडी घोड्यांचा गोल पाळणा. कलमे बघायला फारसे कोणी येत नव्हते. हरिहरपंत संघाचे अध्यक्ष. त्यांच्या हाताखाली भास्कर मुळ्ये हा चिटणीस. पगार संघाचा, खुर्ची अध्यक्षांच्या मर्जीची.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, समितीची बैठक झाली. हरिहरपंतांचा चेहरा अजून कोकमासारखा होता, पण आवाज पूर्ववत झाला होता.

"माझं सोडा," ते म्हणाले. "मी लहानपणी पोफळी चढलेला माणूस. पण माझी ही गत, तर बायकापोरांचं काय होईल? उद्या कुणी वरून पडलं तर? प्रदर्शनात थरारक काय नि कौटुंबिक काय, ह्याची वाटणी झाली पाहिजे. समतोल पाहिजे, समतोल!"

समितीने माना डोलावल्या. बैठक संपल्यावर भास्करने स्वतः पाटी रंगवून घेतली आणि आकाशपाळण्यापाशी ठोकली:

'थरारक. स्त्रिया, मुले व साठ वर्षांपुढील व्यक्तींना सक्त मनाई. हुकमावरून, भा. वि. मुळ्ये, चिटणीस.'

घोड्यांच्या पाळण्यावर 'कौटुंबिक' अशी छोटी पाटी लागली.

संध्याकाळी अख्खी रत्नागिरी कौटुंबिक निघाली. बायका, मुले, म्हातारे सगळे घोड्यांपुढे रांगेत, आणि त्यांना सांभाळायला घरातले पुरुषही तिथेच. बारा घोडे आणि रांग पार कलमांच्या मांडवापर्यंत. एकेका घोड्यावर तीन तीन माणसे बसू लागली. निवृत्त हेडमास्तरांच्या हातात घोड्याचा कान आला. तो त्यांनी सभ्यपणे दादूला परत केला.

इकडे आकाशपाळणा रिकामा. दोन तरुण एकदा बसले आणि एका फेरीत उतरले.

"काय झालं?" दादूने विचारले.

"खाली बघायला कोण नाय," त्यातला एक म्हणाला. "वर ओरडून काय उपयोग?"

दादू भास्करकडे आला. "सायेब, ह्यो कसला समतोल वो? एक पाळणा मरतोय गर्दीनं, एक मरतोय उपासानं."

भास्करने ही तक्रार अध्यक्षांपुढे ठेवली. हरिहरपंतांनी विचार केला. रांग लवकर सरकावी म्हणून घोडे जरा जोरात फिरवावेत, आणि आकाशपाळणा थरारक आहे तर तो जरा हळू फिरवावा, म्हणजे आपोआप समतोल साधेल, असा त्यांनी निकाल दिला.

सोमवारी त्याप्रमाणे झाले. घोडे इतक्या वेगाने पळाले की उतरलेली माणसे सरळ रेषेत चालू शकत नव्हती. एक गृहस्थ घोड्यावरून उतरून थेट फवारणीच्या पंपांच्या मांडवात शिरले आणि तिथल्या विक्रेत्याला आपली बायको समजून बोलू लागले. प्रथमोपचाराच्या तंबूत रघू कंपाउंडर एकामागून एक माणसांना लिंबू-साखरेचे पाणी पाजत होता आणि वहीत नावे लिहून घेत होता. आकाशपाळणा मात्र इतका हळू फिरत होता की त्यात एकटाच बसलेला एक खलाशी वर गेला आणि खाली येईपर्यंत झोपला.

मंगळवारी दुपारी भास्करच्या सासूबाई गुहागरहून आल्या.

यमुनाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. नवरा गेल्यावर वीस वर्षे नारळी-पोफळीची बाग त्यांनी एकटीने राखली होती. प्रदर्शन बघायला त्या खाडी ओलांडून, मग एस. टी. बदलून आल्या होत्या, आणि तोंड धुऊन लगेच निघाल्याही. बरोबर लेक उमा. कलमे त्यांनी बघितली, 'आमच्याकडं याहून बरी आहेत' म्हणाल्या, आणि पुढे आल्या तो समोर पाटी. त्यांनी ती चष्मा सारखा करून दोनदा वाचली. भास्कर तिथेच उभा होता.

"भास्करराव, हे भा. वि. मुळ्ये म्हणजे तुम्हीच ना?"

"हो, आई. पण नियम अध्यक्षांचा आहे. मी फक्त..."

"तुम्ही फक्त नाव घातलंत."

"तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे ते."

"माझ्या? मला कुणी विचारलं?" यमुनाबाईंनी पाटीवर बोट ठेवले. "बाई मी जन्मापासून आहे, नि साठी उलटून तीन वर्षं झाली. म्हणजे मला दोनदा मनाई. बोटीनं मुंबईस जायचे ना, तेव्हा भर समुद्रात छोट्या पडावातून बोटीच्या शिडीवर उडी घ्यायला लागायची. पडाव खाली, शिडी वर. शिडी खाली, पडाव वर. पोटात ही उमा होती पाच महिन्यांची. तेव्हा कुठं होती हो तुमची पाटी?"

"आई, लोक बघतायत," उमा म्हणाली.

"बघू देत की. दादू की कोण तुम्ही, दार उघडा."

दादूने भास्करकडे बघितले. भास्करने आभाळाकडे बघितले. हो म्हणावे तर नोकरी, नाही म्हणावे तर घर, अशा पेचात माणसाने आणखी कुठे बघायचे? एवढ्यात यमुनाबाईंनी स्वतःच साखळी काढली आणि पदर खोचून आत बसल्या.

मासळी विकून परत निघालेली तुळसा हे सगळे बघत होती. तिने रिकामी टोपली भास्करच्या हातात दिली. "जरा धरा ओ, भाऊ. बाय, जागा हाय काय माज्यापुरती?"

"ये की. चौघींची आहे."

मग जे झाले ते थांबवणे भास्करच्या हातात नव्हते, कारण हातात टोपली होती. घोड्यांच्या रांगेतून बायका निघाल्या त्या सरळ इकडे. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स. उमाही, "अहो, आई एकटी आहे," असे म्हणून गेली, जरी आईच्या पाळण्यात तोवर तीन जणी बसलेल्या होत्या. आठ पाळणे भरले. दादूचे हात शिवशिवलेच. तीन दिवसांनी त्याला भरलेला पाळणा मिळाला होता. त्याने खटका ओढला आणि पूर्ण वेगात चाक सोडले.

वरून जो काही आवाज उठला तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला असावा, कारण पाच मिनिटांत हरिहरपंत रिक्षाने हजर झाले.

"थांबवा! आधी थांबवा ते चाक!"

दादूने थांबवले. यमुनाबाई बरोब्बर टोकाला राहिल्या.

"उतरवा सगळ्यांना!"

"उतरवायचं म्हंजे चाक फिरवाय लागतंय, सायेब."

"फिरवायचं नाही!"

"मग उतरत्यात कशा? उड्या मारून?"

हरिहरपंतांनी वर टोकाकडे बघितले. "बरं. एकेक पाळणा खाली आण. मी स्वतः उतरवतो एकेकीला."

पहिला पाळणा खाली आला. "उतरा," हरिहरपंत म्हणाले. चौघींनी माना हलवल्या. आता अध्यक्ष असले तरी परक्या बाईला हाताला धरून काही ते ओढू शकत नव्हते. दादूने पुढचा पाळणा आणला. तिथेही नकार. तिसरा, चौथा. प्रत्येकीचा नकार घ्यायला चाक थोडे फिरवावे लागत होते, आणि अशा रीतीने अध्यक्षांच्या देखरेखीखाली सगळ्यांची एक फेरी होत होती. पाचव्यात यमुनाबाई आणि तुळसा आल्या.

"बाई, आपण वडीलधाऱ्या," हरिहरपंत हात जोडून म्हणाले. "निदान आपण तरी ऐका."

"तुम्ही वर बसलात, तुम्हाला सोसलं नाही. त्यात कमीपणा नाही," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुमच्या पोटावरनं आमची मापं काढू नका."

"मी तं नायच उतरायची," तुळसाने भर घातली.

सहावा पाळणा गेला. सातवा आला. त्यात डोक्यावरून पदर घेऊन एक बाई खाली मान घालून बसली होती. हरिहरपंतांनी पदराचे काठ ओळखले.

"कुसुम? तू?"

कुसुमताईंनी मान वर केली. बावीस वर्षांच्या संसारात त्यांना कुणी चारचौघांत मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते.

"उतर खाली!"

"आधी पाटी उतरवा," कुसुमताई म्हणाल्या, आणि दादूला म्हणाल्या, "घ्या हो पुढं."

दादूने पुढे घेतले.

हरिहरपंत बायकोला काही बोलू शकले नाहीत, म्हणून भास्करकडे वळले. "मुळ्ये! तुमच्या सासूबाईंनी सुरुवात केली. यातली एक जरी आजारी पडली तरी तुम्ही जबाबदार. उद्या सकाळी बैठकीत लेखी अहवाल हवा. नाहीतर राजीनामा."

भास्कर टोपली घेऊन तसाच उभा राहिला. आजवर त्याने अध्यक्षांना पाहिजे तेच लिहिले होते. त्यात काही कठीण नव्हते. अध्यक्ष सांगत आणि तो शुद्धलेखन बघे. पण त्या संध्याकाळी तो रघू कंपाउंडरच्या तंबूत गेला आणि त्याने वही मागून घेतली.

बुधवारी बैठकीत तो उभा राहिला. "राजीनामा लिहून आणलाय," तो म्हणाला, "पण अहवाल आधी वाचतो. चार दिवसांत तंबूत चक्कर आणि उलटीचे सतरा रुग्ण आले. पैकी घोड्यांवरून आलेले सोळा."

"आणि आकाशपाळण्यावरून?" एका सभासदाने विचारले.

"एक."

ते एक कोण हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. सगळे टेबलाकडे बघू लागले.

"सतरापैकी बायका किती?" हरिहरपंतांनी विचारले. आवाज बारीक झाला होता.

"एकही नाही, साहेब. मुलं नाहीत. साठीच्या पुढचे म्हणून वहीत फक्त हेडमास्तर, पण ते कानाला आयोडीन लावायला आले होते. घोड्याच्या." भास्करने वही मिटली. "तेव्हा मनाई करायचीच, तर ती वीस ते पन्नास वयाच्या पुरुषांना करावी, असं मला नम्रपणे वाटतं. नाहीतर पाटीच काढावी. ज्याला जे झेपतं त्यात त्यानं बसावं. माझं नाव घालून मी दुसरी पाटी लावणार नाही."

हरिहरपंतांनी हलकेच विचारले, "कुसुमचं नाव नाही ना वहीत? रात्री जेवली नाही ती. बोललीही नाही."

"नाही, साहेब. दोनदा बघितलं."

"म्हणजे तब्येत बरी आहे." त्यांनी सुस्कारा टाकला. आनंदाचा की कसला ते कळले नाही. "पाटी काढा. घोडे हळू करा. आणि मुळ्ये, ती वही तेवढी कुठं जाहीर करू नका."

राजीनाम्याचा कागद खिशात तसाच घेऊन भास्कर दुपारी घरी आला. छाती चार बोटे रुंद झाली होती. यमुनाबाई सोप्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. त्याने सगळी हकिकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि अडकित्ता खाली ठेवला.

"शाबास," त्या म्हणाल्या. मग स्वैपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "भास्करराव, एक सांगू? उमाला बोलू नका. काल पाळणा सुटला नि माझ्या पोटात असा गोळा आला म्हणता! डोळे जे मिटले ते शेवटपर्यंत उघडलेच नाहीत. शेजारी ती तुळसा काय काय दाखवत होती, मी आपली 'हो, हो' म्हणत होते."

"मग उतरला का नाहीत? अध्यक्षांनी हात जोडले होते."

"का उतरायचं? भीती माझी, मनाई त्यांची. भीतीचं माझं मी बघेन." त्यांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. "आज परत जाणार आहे. डोळे उघडे ठेवून. पण सोबत पाहिजे. तुम्ही बसता शेजारी?"

भास्करला एस. टी. लागत असे. चिपळूणला जाताना तो पिशवीत लिंबू ठेवी. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते आणि आता सांगायची वेळही नव्हती. "बसतो की," तो म्हणाला.

संध्याकाळी सासू आणि जावई एका पाळण्यात शेजारी शेजारी बसले. समोरच्या फळीवर कुणी नव्हते. दादूने खास त्यांच्यासाठी चार फेऱ्या जास्त दिल्या. खाली उमा उभी होती. दोघे उतरले तेव्हा भास्कर पिवळा दिसत होता आणि यमुनाबाईंच्या चपला उलटसुलट पायांत गेल्या होत्या, पण दोघे ताठ चालत आले.

"समुद्र दिसला का गं, आई?" उमाने विचारले.

"दिसला तर! केवढा तो!" यमुनाबाई म्हणाल्या.

"अगदी जयगडपर्यंत," भास्करने दुजोरा दिला.

उमाने दोघांकडे आळीपाळीने बघितले. "पण समुद्र तर तुमच्या पाठीमागं होता."

यमुनाबाईंनी चपला सरळ केल्या आणि पदर पुन्हा खोचला.

"मग समोरच्या फळीवर बसायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "चला, भास्करराव."