जूनमधलं राज्य

अमेरिकेतलं कोणतं राज्य आधी मत देणार, याची काळजी करणारा अख्ख्या दारव्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो. दिगूकाका. हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. अमेरिकेत त्यांचं कोणी नाही, जवळ पासपोर्टही नाही. पण तिकडच्या एखाद्या राज्यानं तारीख अलीकडे ओढली की इकडे काकांचा चहा गार होतो.

प्रकरण असं, की तिकडे अध्यक्षपदाचा उमेदवार कोण हे पक्ष राज्याराज्यांतून ठरवतात आणि सगळी राज्यं एकाच दिवशी मत देत नाहीत. जानेवारीच्या सुमारास सुरू होतं ते जूनपर्यंत चालतं. मध्ये एका मंगळवारी बरीच राज्यं एकदम उरकतात. आधीच्यांकडे पुढारी, कॅमेरे, सगळं जग धावतं, म्हणून जो तो पुढे घुसतो. फार घुसला तर पक्ष शिक्षा म्हणून उमेदवार निवडणारे त्याचे प्रतिनिधी कापतो. जूनवाल्यांची पाळी येईस्तोवर बहुतेक वेळा निकाल लागून गेलेला असतो. हे सगळं काकांनी मला जीपमध्ये, पानठेल्यावर आणि एकदा माझी दाढ ठणकत असताना ऐकवलेलं आहे.

नुसतं ऐकवून ते थांबत नाहीत. गणपतीच्या महाप्रसादाला काय करायचं, यावर त्यांनी एकदा कॉकस घेतला, म्हणजे तिकडच्या काही राज्यांतली गटागटानं उभं राहून मत द्यायची पद्धत. चिठ्ठ्या नाहीत, हात वर नाहीत. पाटोडीवाल्यांनी मंडपात डावीकडे उभं राहायचं, आलूवांगंवाल्यांनी उजवीकडे, आणि फारच कमी भरलेल्या गटानं मोडून दुसऱ्यात जायचं. वांग्याकडे एकटे काकाच उरले. नियम म्हणजे नियम. त्यांनी स्वतःचा गट स्वतःच मोडला आणि गंभीर चेहऱ्यानं पाटोडीकडे चालत आले.

मागच्या हिवाळ्यात माझे बाबा गेले. घरी आई आणि मी. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर पिठल्याची इतकी पातेली जमली, की कोणतं झाकण कोणाचं ते कळेना. काका आले, त्यांनी पातेली पाहिली आणि त्यांचा पारा चढला. सगळ्या गल्लीला अंगणात बोलावून त्यांनी पाळ्या लावल्या, त्याही थेट तेरवीच्या पलीकडे. समोरच्या घरातल्या शोभावहिनी उद्याच आणते म्हणून हटून बसल्या.

"तुमचं राज्य तेरवीनंतरचं," काका म्हणाले. "पुढं घुसान त नुसत्या पोळ्या आणा लागन. भाजी कटली."

मरणाच्या घरी हे काय चाललंय, म्हणून मी संतापलो होतो. आईनं डोळ्यांनीच गप्प केलं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी घर असं काही गप्प झालं, की आई बाबांच्या खुर्चीसमोर बसली ती उठेचना. तेवढ्यात दारात शोभावहिनी, डबा घेऊन, भाजीसकट. बसल्या, बोलल्या. पुढच्या दिवशी आणखी कोणी. आई आधी दोन घास खायला लागली, मग एके दिवशी म्हणाली की भाजीत मीठ कमी आहे. त्या तक्रारीनं मला भरून आलं. माझ्या आईला त्या पाळ्यांनी उठवलं, आणि काकांचे हे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

शेवटची पाळी काकांनी स्वतःकडे ठेवली होती. डब्यात आलूवांगं होतं, बुडाला लागलेलं.

"काका, तुमचा नंबर शेवटी काहून?" मी विचारलं.

ते डब्याचं झाकण पुसायला लागले.

"तुमची काकू गेली तवा सारे पहिल्याच दिवशी आलते. तेरवी झाली आन् कोणीच नाही. मी दार उघडं ठिवून बसलो. वाटलं, कोणाची त पाळी राह्यली असन."

आईनं आणखी एक ताट घेतलं आणि त्यांच्यापुढे मांडलं. करपलेलं आलूवांगं तिनं आधी स्वतः वाढून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, आता दर मंगळवारी इथंच जेवाचं."

"मंगळवारी लय राज्यं असतेत," काका खाली पाहत म्हणाले. "पाहा लागन."

आता मंगळवार आला की आई सकाळीच वांगी निवडून ठेवते, आणि काका येईपर्यंत मला दार लावू देत नाही.